लिंक एक गिगाबिटची, स्पीड टेस्ट उत्तम, तरी संध्याकाळी चित्र का फुटतं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी एका केबलचालकाचं हेडएंड, म्हणजे चॅनेल गोळा करून पुढे पाठवण्याचं केंद्र, आहे. तिथून १२ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात त्यांनी स्वतःच्या फायबरवरून साठ चॅनेल आयपीवर नेले आहेत. पलीकडे आयपी क्यूएएम (नेटवर्कवरून आलेले चॅनेल केबल टीव्हीच्या सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र) लावून तिथून जुन्याच कोअॅक्स केबलने घरोघर फीड जातो. त्याच लिंकवरून त्या गावचं ब्रॉडबँडही चालतं. लिंक १ जीबीपीएसची, स्पीड टेस्ट ९०० च्या वर, ग्राफ कधी ८० टक्क्यांपलीकडे गेलेला नाही. तरी संध्याकाळी सात-साडेसातनंतर चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो. म्हणून त्यांनी पलीकडचा साधा स्विच काढून चांगला मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच बसवला, तर आणखीच वाईट झालं: चित्र येतं, चार-पाच मिनिटांनी सगळंच काळं होतं, क्यूएएम रीस्टार्ट केला की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. आता ते विचारताहेत की १० जी (दहा गिगाबिटचे) फायबर मॉड्यूल घ्यावेत, की यूडीपी सोडून टीसीपीवर, म्हणजे पडलेलं पॅकेट पुन्हा मागवणाऱ्या पद्धतीवर, जावं?

माझ्या मते दोन्ही नको, निदान आत्ता तरी. इथे दोन वेगळे रोग आहेत आणि ते एकाच जागी भेटल्यामुळे एकच वाटताहेत. संध्याकाळचं फुटणं हे पॅकेट पडल्याचं लक्षण आहे. चार मिनिटांनी काळं होणं हा मल्टिकास्टच्या (एकच स्ट्रीम मागेल त्या सगळ्यांना देण्याच्या पद्धतीच्या) हिशेबातला दोष आहे, त्याचा वेगाशी काही संबंध नाही. तुमच्याकडचे स्विच कोणते, त्यात किती रांगा मिळतात, हेडएंडचा मक्स (चॅनेल एकत्र बांधणारं यंत्र) आरटीपी (पॅकेटला क्रमांक देणारी पद्धत) देतो का, यावर पुढचे तपशील बदलतील. पण कारणमीमांसा सगळीकडे तीच.

आधी तारेतून नेमकं काय जातं ते पाहू. तुमचा मक्स चॅनेलचा जो ट्रान्सपोर्ट स्ट्रीम बनवतो, त्याचा प्रत्येक तुकडा १८८ बाइटचा असतो. असे सात तुकडे एकत्र बांधले की १३१६ बाइट होतात. त्यावर यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट चढले की १३४४. इथरनेटची मर्यादा १५०० ची आहे, आठवा तुकडा घातला तर एकट्या तुकड्यांचेच १५०४ होतात, म्हणून जगभर सातच घालतात. प्रत्येक तुकड्यात तो कोणत्या प्रवाहाचा आहे ते सांगणारा पीआयडी असतो आणि ० ते १५ असा फिरणारा चार बिटांचा मोजणी-क्रमांक असतो, कंटिन्युइटी काउंटर. काही तुकड्यांत पीसीआर नावाची घड्याळाची वेळ असते. घरातला सेट-टॉप बॉक्स त्या वेळेवरून स्वतःचं २७ मेगाहर्ट्झचं घड्याळ हेडएंडच्या घड्याळाशी जुळवत राहतो.

यूडीपी पॅकेट पाठवतं आणि विसरतं. पोचलं का, हे विचारत नाही. त्यामुळे वाटेत पडलेलं पॅकेट कायमचं गेलं. हे किती महाग पडतं ते हिशेबाने बघा. एक एसडी चॅनेल ४ एमबीपीएसचा धरला, तर सेकंदाला साधारण ३८० पॅकेट होतात. हजारात एक पॅकेट पडलं तर दर अडीच-पावणेतीन सेकंदांनी एक जखम. दहा लाखांत एक पडलं तरी पाऊण तासाने एकदा चित्र डागाळणारच. इंटरनेटच्या माणसाला हजारात एक म्हणजे उत्तम लाइन वाटते. टीव्हीसाठी ती चालत नाही.

शिवाय जखम एका पॅकेटपुरती राहत नाही. एमपेगमध्ये बहुतेक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमवरून काढलेल्या असतात. जे पॅकेट पडलं ते पूर्ण फ्रेमचं, म्हणजे आय-फ्रेमचं असेल, तर पुढची आय-फ्रेम येईपर्यंत, साधारण अर्धा ते एक सेकंद, तो चौकोन पडद्यावर राहतो आणि हालचालीबरोबर पसरतो. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही केबलवरच्या ६४ क्यूएएमच्या सहा कॅरिअरसाठी, म्हणजे सहा फ्रिक्वेन्सींसाठी, सहा एकत्र स्ट्रीम पाठवता, प्रत्येकी ३८ एमबीपीएसचे, प्रत्येकात दहा चॅनेल. अशा स्ट्रीमच्या एका पॅकेटमधले सात तुकडे सात वेगवेगळ्या चॅनेलचे असू शकतात. पॅकेट एक पडतं आणि तक्रारी चार घरांतून चार चॅनेलच्या येतात.

आता स्पीड टेस्टचं. ती टीसीपीवर चालते. टीसीपीचं पॅकेट पडलं तर ते पुन्हा मागवतं, वेग थोडा कमी करतं, परत वाढवतं आणि शेवटी सरासरी आकडा दाखवतं. म्हणजे व्हिडिओला मारणारी नेमकी जी गोष्ट, ती टीसीपी निमूटपणे दुरुस्त करून टाकतं आणि तुम्हाला दिसतो ९००. एक विनंती, चालू प्रसारणात संध्याकाळी स्पीड टेस्ट लावू नका. ती लिंक मुद्दाम भरते, त्यामुळे तुम्हीच चित्र फोडाल.

तुमचा ८० टक्क्यांचा ग्राफही सरासरीच आहे. असे ग्राफ बहुधा पाच मिनिटांची सरासरी काढतात. जुलैचा एकूण पाऊस बेताचा असला, तरी त्यातला निम्मा एका तासात पडला तर नाला ओसंडतोच. लिंकवरचा नाला म्हणजे स्विचच्या बाहेर जाणाऱ्या पोर्टवरची रांग. हेडएंडच्या स्विचवर एका गिगाबिट पोर्टातून ब्रॉडबँड आत येतं, दुसऱ्यातून व्हिडिओ, आणि दोन्ही एकाच गिगाबिट पोर्टातून फायबरवर बाहेर पडतात. क्षणभर दोन्हींची मिळून बेरीज १ जीबीपीएसच्या वर गेली की जास्तीचं रांगेत साठतं. स्वस्त स्विचमध्ये ही मेमरी काही शे केबीचीच असते. ५१२ केबी धरली आणि दोन्ही पोर्ट पूर्ण वेगाने आत आले, तर चार मिलिसेकंदांत ती भरते. नंतरचं प्रत्येक पॅकेट टाकून दिलं जातं. हे सेकंदाला पाच वेळा घडलं तरी तुमच्या ग्राफवर ओरखडाही उमटणार नाही.

रांग भरल्यावर स्विच पॅकेट कोणाचं आहे ते पाहत नाही. कोणाच्या मोबाइलच्या अपडेटचं पडेल, कोणाच्या मालिकेचं पडेल. अपडेट एक-दोन शतांश सेकंद उशिरा येईल, कोणाला कळणारही नाही. मालिका मात्र फुटेल. संध्याकाळीच का, याचंही उत्तर यात आलं. साठ चॅनेलचा व्हिडिओ सकाळीही २२८ एमबीपीएसच असतो आणि रात्रीही तेवढाच. वाढतं ते ब्रॉडबँड.

म्हणून उपाय वेग वाढवण्याचा नाही, अग्रक्रम देण्याचा आहे. व्हिडिओसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचमधलं वेगळं आभासी नेटवर्क) करा. हेडएंडच्या स्विचवर मक्स ज्या पोर्टाला जोडलाय, त्या पोर्टावर आलेल्या सगळ्या ट्रॅफिकला वरचा डीएससीपी मार्क (पॅकेटवरचा अग्रक्रमाचा शिक्का) लावा आणि फायबरकडे जाणाऱ्या पोर्टावर त्या मार्कला स्ट्रिक्ट प्रायॉरिटीची रांग द्या. म्हणजे व्हिडिओचं पॅकेट आलं की आधी ते जाईल, मग बाकीचं. कायमचा अग्रक्रम दिला तर ब्रॉडबँड उपाशी राहील, ही भीती इथे लागू नाही, कारण मक्सचा स्ट्रीम ठरलेल्या दराचा आहे. चित्र कमी भरलं तर मक्स पीआयडी ८१९१ चे रिकामे तुकडे भरून ३८ पुरे करतो. २२८ च्या वर व्हिडिओ कधी जाणार नाही, उरलेले ७७० ब्रॉडबँडचेच. वेगवेगळे एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारी यंत्रं) बदलत्या दराने थेट लिंकवर सोडत असाल तर मात्र थांबा. काही एन्कोडर अख्खी आय-फ्रेम पोर्टच्या पूर्ण वेगाने एकदम ओततात. तिथे आधी एन्कोडरमध्ये दर सपाट करण्याची सोय आहे का ते बघावं लागेल. व्हिडिओच्या वाटेवरच्या पोर्टांवर फ्लो कंट्रोलही बंद ठेवा. एका पोर्टने ‘थांब’ म्हटलं की मागचा पोर्ट सगळ्यांनाच थांबवतो, त्यात व्हिडिओही अडकतो.

हे सगळं करण्याआधी खात्री करून घ्या की पॅकेट रांगेतच पडताहेत. स्विचवर फायबरच्या पोर्टचे दोन काउंटर बघा. हेडएंडच्या बाजूला ‘आउटपुट ड्रॉप’ किंवा ‘डिस्कार्ड’, आणि पलीकडच्या बाजूला ‘सीआरसी एरर’, म्हणजे वाटेत बिघडून आलेली पॅकेट. सायंकाळी सहाला दोन्ही शून्य करा, रात्री दहाला वाचा. ड्रॉप वाढले असतील तर वरचं निदान बरोबर. सीआरसी वाढले असतील तर दोष फायबरचा आहे: मळलेला कनेक्टर, वाईट स्प्लाइस (फायबरचा जोड), दाबली गेलेली केबल. इथरनेट एक बिट चुकलं तरी अख्खं पॅकेट टाकून देतं, दुरुस्त करत नाही. तुमचं अंतर १२ किलोमीटरचं आहे, तेव्हा मॉड्यूल १० किलोमीटरचं आहे की २० चं ते लेबलवर वाचा. १० चं मॉड्यूल १२ वर चालताना मी पाहिलंय, पण त्यात उरलेली शिल्लक इतकी थोडी असते की एक स्प्लाइस वाढला की संपली. २० चं मॉड्यूल हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त विमा.

मोजणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण इथे वाट चुकतात. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर लावून ‘चित्र तर छान दिसतंय’ म्हणणं ही मोजणी नव्हे. व्हीएलसी स्वतःचा बफर ठेवतं आणि बऱ्याच चुका झाकतं. कंटिन्युइटी एरर मोजणारं साधन वापरा. टीएसडक फुकट मिळतं आणि हे काम चोख करतं. हेडएंडला मक्सच्या तोंडाशी मोजा, मग लिंकच्या पलीकडे मोजा. पण लॅपटॉपचीही एक खोड आहे. लिनक्सवर यूडीपीसाठी मूळची बफर मर्यादा सुमारे २०० केबी असते. ३८ एमबीपीएसचा स्ट्रीम ती ४५ मिलिसेकंदांत भरतो. तेवढा वेळ लॅपटॉप दुसऱ्या कामात रमला की पॅकेट तुमच्याच मशीनमध्ये पडतात आणि दोष लिंकवर जातो. मर्यादा काही एमबीपर्यंत वाढवा, वायफाय नको, तारेनेच जोडा.

कंटिन्युइटी एरर दिसला म्हणजे नेटवर्कच दोषी, असंही नाही. पावसात डिशचा सिग्नल खाली आला तर रिसीव्हरमधूनच तुटका स्ट्रीम बाहेर पडतो आणि तुमची लिंक तो इमानेइतबारे जसाच्या तसा पोचवते. म्हणून मक्समध्ये पर्याय असेल तर साध्या यूडीपीऐवजी आरटीपी चालू करा. १२ बाइट जास्त लागतात, १३५६ होतात, अजून १५०० च्या आतच आहात. आरटीपी प्रत्येक पॅकेटला १६ बिटांचा स्वतःचा क्रमांक देतं. क्रमांक सलग पण कंटिन्युइटी तुटलेली, तर दोष हेडएंडच्या आतला किंवा डिशचा. क्रमांकच तुटलेला, तर दोष वाटेतला. एवढ्या एका फरकाने हेडएंडचा तंत्रज्ञ आणि लाइनमन यांच्यातला वाद मिटतो, म्हणून मी शक्य तिथे आरटीपीच ठेवतो. फक्त आयपी क्यूएएमला ते समजतं ना, ते आधी तपासा. साधन हाताशी नसेल तर तक्रारींची वही तरी नीट वाचा. उपग्रहाच्या एकाच ट्रान्सपाँडरवरचे चॅनेल फुटताहेत तर डिश, एकच चॅनेल फुटतोय तर रिसीव्हर किंवा एन्कोडर, सहाही कॅरिअर एकाच क्षणी फुटताहेत तर लिंक.

आता दुसरा रोग, चार मिनिटांचा. मल्टिकास्टमध्ये स्ट्रीम एका गटाच्या पत्त्यावर, म्हणजे २३९ ने सुरू होणाऱ्या एखाद्या पत्त्यावर सोडलेला असतो आणि ज्याला हवा तो ‘मला हा गट हवा’ असा आयजीएमपी निरोप पाठवतो. साधा स्विच हे निरोप वाचतच नाही, सगळं सगळ्या पोर्टांवर ओततो. म्हणून तुमचा जुना स्विच ‘चालत’ होता, शेजारच्या पोर्टावरच्या कॅमेऱ्यालाही २२८ एमबीपीएस व्हिडिओचा मारा करत. नवीन स्विच स्नूपिंग करतो, म्हणजे हे निरोप वाचतो. क्यूएएम सुरू होताना निरोप पाठवतो, स्विच त्याची नोंद घेऊन त्या पोर्टाला स्ट्रीम देतो. पण नोंदीला मुदत असते. ‘कोणाला काय हवंय?’ असं कोणीतरी ठरावीक वेळाने विचारायचं, मूळ सेटिंगमध्ये दर १२५ सेकंदांनी, आणि क्यूएएमने पुन्हा सांगायचं, तेव्हा नोंद ताजी होते. विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. दोन फेऱ्या आणि वर १० सेकंद, म्हणजे २६० सेकंद कोणी विचारलंच नाही, तर नोंद बाद आणि स्ट्रीम बंद. २६० सेकंद म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. तुमच्या व्हीलॅनमध्ये क्वेरिअरच नाही, हे या वेळेवरूनच मला जवळजवळ खात्रीने सांगता येतं. क्यूएएम रीस्टार्ट केला की तो पुन्हा निरोप पाठवतो, म्हणून पुन्हा तेवढाच वेळ चालतं.

हेडएंडच्या स्विचवर व्हिडिओच्या व्हीलॅनमध्ये क्वेरिअर चालू करा आणि त्या व्हीलॅनमध्ये त्या स्विचला खरा आयपी पत्ता द्या. ०.०.०.० वरून आलेली विचारणा काही उपकरणं ऐकत नाहीत. क्वेरिअर पलीकडच्या गावात ठेवू नका. ज्या दिशेने विचारणा येते त्या पोर्टाकडे बरेच स्विच सगळेच गट पाठवतात. उद्या हेडएंडला चाचणीसाठी चार जादा स्ट्रीम सुरू केलेत तर तेही विनाकारण फायबरवर चढतील. दुसरा मार्ग म्हणजे स्टॅटिक ग्रुप. तुमच्या क्यूएएमला सहाच गट हवेत, तेही चोवीस तास. वाटेतल्या दोन्ही स्विचवर, फायबरच्या आणि क्यूएएमच्या पोर्टाला ते सहा गट कायमचे बांधून टाका. जिथे चॅनेल बदलणारा प्रेक्षक थेट आयपीवर नाही, तिथे मी हाच मार्ग पसंत करतो. बिघडण्यासारखं त्यात काही उरत नाही.

पत्ते निवडताना एक काळजी घ्या. मल्टिकास्ट आयपीचे फक्त शेवटचे २३ बिट इथरनेटच्या (मॅक) पत्त्यात उतरतात, म्हणून ३२ वेगवेगळे गट एकाच मॅक पत्त्यावर पडतात. २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ यांचा मॅक एकच. जो स्विच फक्त मॅक पाहतो तो या दोघांना एकच समजेल आणि एक मागितला तर दोन्ही देईल. तसंच २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x टाळा. त्यांचा मॅक २२४.०.०.x शी जुळतो, तो पट्टा नेटवर्कच्या स्वतःच्या निरोपांचा, आणि स्विच त्याला स्नूपिंग लावत नाहीत, सगळीकडे ओततात.

टीसीपीचं आता सांगणं सोपं आहे. टीसीपीत पडलेलं पॅकेट परत येईपर्यंत मागची सगळी अडून राहतात, आणि मल्टिकास्टवर ते चालतच नाही. उद्या दुसरं गाव जोडलंत तर प्रत्येक स्ट्रीम दोनदा पाठवावा लागेल. स्वतःच्या १२ किलोमीटर फायबरवर पॅकेट पडायलाच नको, मग ती परत मागवण्याची यंत्रणा हवी कशाला? सार्वजनिक इंटरनेटवरून, समजा पुण्याहून कोल्हापूरला, एखादा फीड न्यायचा असता तर मी एसआरटी किंवा रिस्ट सुचवलं असतं. ही दोन्ही यूडीपीवरच चालतात, पण हरवलेलं तेवढंच परत मागवतात आणि त्यासाठी ठरावीक उशीर राखून ठेवतात. एसआरटीमध्ये तो मूळचा १२० मिलिसेकंदांचा असतो. मी जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या चौपटीपासून सुरुवात करतो आणि लाइन वाईट असेल तर वाढवतो.

काही जण फेक (एफईसी), म्हणजे आगाऊ दुरुस्तीची जादा पॅकेट लावायला सांगतील. दहा बाय दहाची मांडणी घेतली तर दहा टक्के भार वाढतो आणि सलग दहा पॅकेट गेली तरी भरून निघतात. तुरळक चुका असलेल्या लाइनवर ते फार उपयोगी आहे. पण तुमची पॅकेट रांग भरल्यामुळे पडत असतील तर भरलेल्या रांगेत आणखी दहा टक्के ओतून काय साधणार?

तेव्हा क्रम असा ठेवा. आजच क्वेरिअर किंवा स्टॅटिक ग्रुप, कारण त्याशिवाय नवा स्विच चालणारच नाही. मग एक संध्याकाळ काउंटर वाचा. ड्रॉप दिसले की प्रायॉरिटी लावा. क्यूएएममधला डी-जिटर बफर (पॅकेट मागेपुढे आली तर सावरणारी साठवण) १०० ते २०० मिलिसेकंदांवर ठेवा, त्याहून कमी ठेवून काही मिळत नाही.

१० जी कधी घ्यावं? प्रायॉरिटी लावल्यावर व्हिडिओच्या रांगेत शून्य ड्रॉप आणि ब्रॉडबँडच्या रांगेत रोज संध्याकाळी वाढते ड्रॉप, ग्राहकही वेगाची तक्रार करताहेत, असं दिसलं की घ्या. तेव्हाही प्रायॉरिटी काढू नका. १० जीने धडाधड आलेलं ब्रॉडबँड पलीकडे ओएलटीच्या (ब्रॉडबँड घरोघर वाटणाऱ्या यंत्राच्या) १ जी पोर्टावर उतरताना तिथे रांग लावेल, आणि त्या स्विचची मेमरी सगळ्या पोर्टांची सामाईक असेल तर शेजारच्या क्यूएएमच्या पोर्टालाही झळ लागेल.

स्विचचं मॉडेल, फायबर मॉड्यूलवरचं अंतर आणि उद्या संध्याकाळचे दोन्ही काउंटर कळवा. ड्रॉप आणि सीआरसी दोन्ही शून्य असूनही चित्र फुटत असेल, तर आपण डिशपासून सुरुवात करू.